दस्तुरी नाक्याच्या पुढं

'मोटर आहे का हिला?' माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर, गाड्या थांबतात तिथं, व्हीलचेअरकडं बघत एकानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, 'आहे. अडीचशे वॅटच्या आतली. आमच्या घरचा मिक्सर हिच्यापेक्षा जास्त वीज खातो.'

प्रश्न रास्तच होता. माथेरान २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे आणि वाहनबंदी तर त्याच्याही आधीची. केंद्रीय मोटार वाहन नियमांचं पान मी पिशवीत ठेवलं होतं: ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर बॅटरीवरचं वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. ते काढावं लागलं नाही. मिक्सरनंच काम केलं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे इजेनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करायची. बाई भूगोल शिकवायच्या. अपघातात त्यांच्या मज्जारज्जूला पाठीच्या दहाव्या मणक्याच्या (डी-१०) पातळीला इजा झाली, कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. थेरपीतलं ध्येय काय ठेवायचं असं विचारलं की लोक घर, बाथरूम, ऑफिस म्हणतात. बाई म्हणाल्या, 'जांभा खडक. वर्षानुवर्षं फळ्यावर काढला, आता हात लावून बघायचाय.' हातरिक्षात बसायचं नाही हे त्यांचं आधीपासून ठरलेलं होतं. सुप्रीम कोर्टानं त्या बंद करायला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, पण बाईंचा निकाल त्याआधीचा. ई-रिक्षा बाजारापर्यंत ठीक, पण ती काही रानातल्या वाटेला लागत नाही.

त्यांच्या नेहमीच्या खुर्चीला आम्ही पुढून मोटरचं चाक जोडलं होतं. हँडल, ब्रेक, बॅटरी सगळं त्या जोडणीवरच. ती लावली की खुर्चीची पुढची दोन छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात. खडबडीत वाटेवर हाच मोठा फायदा, कारण दगडात अडकतात ती तीच.

पेव्हर ब्लॉकवर गाडी मजेत गेली. तांबड्या मातीत शिरल्यावर घोडे समोर आले. आवाज न करता मागून येणाऱ्या वस्तूला घोडा बिचकतो, म्हणून बाईंचा भाचा पुढं चालत 'खुर्ची येतेय' असं ओरडत होता. एक घोडेवाला थांबला, चाकाकडं बघून म्हणाला, 'मॅडम, शार्लोट लेकच्या अलीकडं चढाला खडी लई सुटलीय. आमचा घोडापण घसरतो.' इतकी नेमकी माहिती मला कुठल्याही माहितीपत्रकात मिळाली नव्हती.

त्यानं सांगितलं तिथंच चाक फिरायला लागलं. चढावर वजन मागच्या चाकांवर जातं आणि मोटर असते पुढं. पुढचं चाक हलकं झालं की ते जागच्या जागी माती उडवत बसतं. थ्रॉटल वाढवला तर खड्डा पडतो, शिवाय वाटेची मातीही उखडते. बाईंनी सोडला. मी मागं, हात खुर्चीच्या मागच्या हँडलवर, खुर्ची उलटू नये म्हणून. बाई छातीपासून पुढं वाकल्या, पाण्याच्या बाटल्यांची पिशवी पुढच्या जोडणीवर अडकवली, भाच्यानं वरून दाब दिला. थ्रॉटल अगदी हळू. चाकानं आधी दोन खडे मागं फेकले, मग पकड घेतली. वर पोचल्यावर बाई त्याला म्हणाल्या, 'गुरुत्वमध्य कळला का आता? परीक्षेत तर चुकवला होतास.'

शार्लोट लेकजवळ, पिसरनाथाच्या मंदिराच्या अलीकडं, त्यांना हवा होता तो कडेचा जांभा सापडला. मोटर बंद करून त्या बाजूला झुकल्या आणि खडकाच्या भोकांत बोट घालून बघायला लागल्या. मग आम्हाला तासच मिळाला: खाली बेसॉल्ट, वर जांभा, पावसानं सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. मध्येच एका माकडानं बिस्किटाचा पुडा लांबवला. बाईंनी तासात खंड पडू दिला नाही. दर वीस मिनिटांनी मोबाइलचा गजर वाजायचा, तेव्हा दाबानं जखम होऊ नये म्हणून हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. दुखत नाही म्हणूनच हे घड्याळावर करावं लागतं. खडबडीत वाटेवर तर जास्तच.

खरा अडथळा मात्र वाटेवर नव्हता. चार-सहा तासांनी लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे नळी, लावायचा, आणि त्यासाठी दार हवं खुर्चीपेक्षा रुंद. बऱ्याच टॉयलेटची दारं अरुंद. शेवटी एका हॉटेलनं तळमजल्याची खोली तासाभरासाठी उघडून दिली. वाट तयार करणारे मोटरवर वाद घालतात, दार कुणी मोजत नाही.

अमेरिकेत २०११ पासूनचा नियम मला आवडतो. साधी पॉवर व्हीलचेअर पायी माणूस जातो तिथं जाते. व्हीलचेअर नसलेलं वेगळं यंत्र असेल तर वजन, रुंदी, वेग, गर्दी आणि निसर्गाची हानी बघायची. आजार काय, हे विचारायचं नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीचा हक्क आहे, पण अमुक पॉइंटच्या वाटेवर चढ किती आणि रुंदी किती, हे सांगणारी पाटी अजून मला तरी दिसलेली नाही.

घरी आल्यावर पहिलं काम त्वचा तपासायचं. एका बाजूला थोडी लाली होती, अर्ध्या तासात गेली. चाकाच्या हबमधली तांबडी माती मात्र ब्रशनं खरवडून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी बाईंचा मेसेज: 'पॅनोरमा पॉइंटची वाट किती रुंद आहे?' मी त्या घोडेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, 'उद्या तिकडंच जायचंय. खुर्ची किती इंच, ते सांगा, मोजून कळवतो.'