चोरण्याजोगे काही उरूच नये म्हणून

अणुदहशतवाद म्हटले की बहुतेकांच्या मनात चोरलेला अणुबाँब येतो. ती शक्यता नाकारता येत नाही, पण अभियंता म्हणून मला अधिक काळजी वाटते ती रुग्णालयांत, कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत विखुरलेल्या किरणोत्सारी स्रोतांची, कारण ते पळवून गर्दीत पसरवणे हे बाँब बनवण्याच्या मानाने फार सोपे आहे. १९९५ साली चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या इझमायलोवो उद्यानात सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ पुरून ठेवला आणि वृत्तवाहिनीला तसे कळवले. स्फोट झाला नाही, तरी हा धोका काल्पनिक नाही हे त्या दिवशी जगाला कळून चुकले.

असा पदार्थ लोकवस्तीत पसरला तर काय होते, हे ब्राझीलमधील गोयानिया शहराने १९८७ साली भोगले आहे, आणि तेथे तर कोणाचा घातपाताचा हेतूही नव्हता. ओस पडलेल्या दवाखान्यातील कर्करोगोपचाराच्या यंत्राचा भाग दोघांनी भंगारासाठी काढून नेला, आतली कुपी फुटली आणि अंधारात निळसर चमकणारी भुकटी कौतुकाने घरोघरी वाटली गेली. चार जण दगावले, एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली आणि काही घरे पाडावी लागली. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाने एकाचा बळी घेतला, तेव्हाही स्रोत आला होता तो विद्यापीठात वर्षानुवर्षे पडून असलेल्या यंत्रातून.

गोयानियाची हानी एवढी पसरली याचे एक कारण निव्वळ पदार्थशास्त्रातले आहे. त्या कुपीत सीझियम क्लोराइड होते, म्हणजे मिठासारखा सहज विरघळणारा क्षार, जो हाताला, कपड्यांना, मातीला लागला की निघता निघत नाही. तेच सीझियम काचेत बांधून टाकले तर त्याची भुकटी होऊन उडणे किंवा पाण्यात उतरणे फार अवघड होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुइंधनाच्या टाकाऊ द्रावणातून सीझियम वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या बनवल्या आणि त्या रक्तपेढ्यांत रक्तावर किरणांचा मारा करणाऱ्या किरणन यंत्रांसाठी उपलब्ध केल्या. या कामाचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्याहून पुढची पायरी म्हणजे स्रोतच नको, आणि तिचे उदाहरण आम्हा इंदूरकरांच्या अगदी दाराशी आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने चोइथराम मंडीजवळ इलेक्ट्रॉन किरणपुंजाचे संयंत्र उभारले आहे. एरवी कांद्या-बटाट्याच्या ट्रकांनी गजबजलेल्या या भागात, जाड काँक्रीटच्या भिंतींआड, वैद्यकीय साहित्याची खोकी सरकत्या पट्ट्यावरून किरणपुंजाखाली जातात आणि निर्जंतुक होऊन बाहेर पडतात. किरणनाची अशी कामे कोबाल्ट-६० नेही होतात. लासलगावचा कांदा त्यानेच किरणित करतात. फरक असा की कोबाल्टची किरणे बंद करता येत नाहीत, आणि दर सव्वापाच वर्षांनी त्याची तीव्रता निम्मी होत असली तरी कैक वर्षे त्याच्यावर पहारा ठेवावाच लागतो. किरणपुंज तयार करणाऱ्या प्रवेगकाची, म्हणजे विजेच्या जोरावर इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या यंत्राची, वीज तोडली की किरणे थांबतात, आणि कोणी तो अख्खा उचलून नेला तरी त्यातून गावभर पसरवण्याजोगे काही त्याच्या हाती लागत नाही.

संशोधनाच्या अणुभट्ट्यांतही हाच विचार दिसतो. भाभा केंद्राची तुर्भ्यातील जुनी अणुभट्टी अप्सरा उच्च समृद्ध युरेनियमवर, म्हणजे बाँबलाही चालेल अशा इंधनावर, चालत असे. २०१८ साली सुरू झालेली अप्सरा-यू कमी समृद्ध इंधनावर चालते, ज्यापासून बाँब बनत नाही.

बंदरांवरील आणि सीमांवरील, किरणोत्सार टिपणाऱ्या शोधक कमानी मला त्यामानाने दुय्यम वाटतात, अनावश्यक मात्र मुळीच नाहीत. फरश्या, खते, केळी यांतही नैसर्गिक किरणोत्सार असतो, थायरॉइडसाठी किरणोत्सारी औषध घेतलेला रुग्णही त्या कमानीतून जाऊ शकतो, आणि ऊठसूट वाजणारी घंटा पहारेकरी मनावर घेईनासा होतो. म्हणून ऊर्जेच्या खुणेवरून कोणते समस्थानिक, म्हणजे मूलद्रव्याचा नेमका कोणता प्रकार, आहे हे ओळखणारे संवेदक लागतात. ते भंगाराच्या वजनकाट्यांवर आधी बसवावेत असे माझे ठाम मत आहे, कारण बेवारस स्रोत बहुधा तेथेच येऊन पोहोचतात.

प्रवेगकाची बाजू मांडताना एक अडचण लपवून चालणार नाही. त्याला स्थिर वीज, थंड पाणी, उत्तम निर्वात आणि सूक्ष्मतरंगांचे काम जाणणारा तंत्रज्ञ लागतो. कोबाल्टच्या यंत्राला विजेच्या लपंडावाचे फारसे सोयरसुतक नसते. तालुक्याच्या रुग्णालयाने त्यामुळे कर्करोगोपचारासाठी कोबाल्टच निवडले, तर त्याला दोष देता येणार नाही. कमी-अधिक दाबाची वीज सोसणारा, सुटे भाग देशातच मिळणारा आणि गावातल्या तंत्रज्ञाला दुरुस्त करता येईल असा स्वस्त प्रवेगक बनवणे हे काम अजून बाकी आहे, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान, कार्यशाळा व अभियांत्रिकीची मुले इंदुरात आहेत.