मीटिंगमधल्या प्रकृती

रविवार, रात्री

पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये माणूस जितका कळतो, तितका वर्षानुवर्षं शेजारी राहूनही कळत नाही. आमची ठाण्यात नौपाड्यातली इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. नियमाप्रमाणे लागणारी ५१ टक्क्यांची संमती केव्हाच मिळाली. आता बिल्डरने दिलेल्या कराराच्या मसुद्यावर कलमागणिक चर्चा चालू आहे. मी कमिटीवर आहे, इतिवृत्त मीच लिहिते. सगळ्यांचं बोलणं कागदावर उतरवताना हल्ली मानसशास्त्रज्ञ युंगचे व्यक्तिमत्त्व-प्रकार सतत आठवतात.

तळमजल्यावरचे काका आज मेजरिंग टेप घेऊनच आले होते. मसुद्यातल्या नकाशावर स्वयंपाकघराची लांबी-रुंदी दिलेली होती. काकांनी सभागृहातल्या फरशीवर तेवढा चौकोन खडूने आखला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा यात उभ्या राहा. आता समजा मागे ओटा आहे, इकडे फ्रिज आहे. वळून दाखवा." मी वळले. फ्रिजचं दार उघडलं तर मला बाहेरच यावं लागलं असतं. चटई क्षेत्राचा आकडा सगळ्यांनी वाचला होता. त्या आकड्यात माणूस उभा करून पाहिला तो काकांनी. तिसऱ्या मजल्यावरचा दादा मात्र तेवढ्या वेळात अस्वस्थ झाला होता. त्याला पुढची पंचवीस वर्षं दिसतात: गाड्या विजेवर चालणार, मग चार्जिंगची सोय आत्ताच करारात नको का? गच्चीवर सौर पॅनेल कुणाच्या मालकीचे? हे प्रश्न बिल्डरने काढले नव्हते, आमच्या सल्लागारानेही नाही.

युंगच्या भाषेत काका संवेदनाकडे झुकलेले आणि दादा अंतःप्रज्ञेकडे. एकाचा भरवसा हाताला लागतं त्यावर, दुसऱ्याचा अजून न घडलेल्या शक्यतांवर. पूर्वी अशा वेळी "काका फार चिकट" आणि "दादा हवेत असतो" असे शेरे कानावर यायचे. मला ते शेरे सहन होत नाहीत. दोघांपैकी एकाला जरी गप्प केलं, तरी नुकसान सगळ्या इमारतीचं आहे.

कार्ल युंगने हा विचार १९२१ साली मांडला. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्यावरून १६ प्रकारांची मांडणी केली, प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरांचं नाव. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. कॅथरीनला माणसांच्या स्वभावांचं कोडं पडायला एक कारण तिचा होणारा जावई होता. मुलीने निवडलेला मुलगा चांगला होता, पण त्यांच्या घरच्या कुणाहीसारखा नव्हता. एका सासूने जावयाला नावं ठेवण्याऐवजी त्याला समजून घ्यायला पुस्तकं उघडली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इझाबेलने प्रश्नावली रचायला घेतली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. माणसांना आपापल्या स्वभावाला मानवणारं काम मिळावं आणि एकमेकांबद्दलची समज वाढावी, ही तिची तळमळ होती.

आपल्याकडे "व्यक्ती तितक्या प्रकृती" म्हणतात. त्रिगुणही आहेतच. पण सत्त्व, रज, तम म्हटलं की उतरंड आली. तामसी म्हणवून घ्यायला कोण तयार होईल? या १६ प्रकारांत वरचा-खालचा कुणी नाही. अंतर्मुख माणूस सुधारायचा राहिलेला बहिर्मुख माणूस नसतो. मला यातलं हेच सगळ्यात जास्त पटतं.

मात्र इझाबेलच्या प्रश्नावलीतून झालेल्या त्या चाचणीवर (एमबीटीआय) माझा फार विश्वास नाही, तेही इथे लिहून ठेवते. तीच व्यक्ती काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी देते आणि वेगळ्याच प्रकारात निघते, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. माणसं दोन टोकांना विभागलेली नसतात, बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. म्हणून संशोधक हल्ली पाच घटकांच्या मॉडेलला जास्त मानतात. त्यात कोणता गुण किती, हे मोजतात. चार अक्षरांचा शिक्का मारून कुणाला नोकरीवर घेणं किंवा नाकारणं तर सरळ अन्याय आहे, आणि ही चाचणी चालवणारेही ते करू नका असंच सांगतात. त्यामुळे मी इमारतीत कुणालाही चाचणी द्यायला लावलेली नाही आणि लावणारही नाही. समोरचा अडून बसला की त्याला काय दिसतंय जे मला दिसत नाही, एवढं विचारायची सवय या सिद्धांताने लावली. तेवढं मला पुरतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाहीत. त्यांचं मत नाही, असंच सगळे धरून चालले होते. मागच्या महिन्यापासून मसुद्याची पानं मीटिंगच्या चार दिवस आधी घरोघर द्यायची आणि प्रश्न लेखी मागवायचे, असं मी कमिटीकडून करून घेतलं. बोलता बोलता विचार करणारे असतात तसे आधी विचार करून मग बोलणारेही असतात. त्यांना वेळ द्यायला नको? पहिल्याच खेपेला वहिनींची वहीची दोन पानं आली, सुवाच्य अक्षरात, कलमांचे क्रमांक घालून. बांधकाम चालू असताना बिल्डर आम्हाला देणार ते भाडं थकलं तर बँक गॅरंटीतून ते किती दिवसांत मिळणार, हे मसुद्यात कुठेच नव्हतं. वकिलांनी तो मुद्दा जसाच्या तसा उचलला.

आणि पहिल्या मजल्यावरची ताई. सगळे भाड्याच्या रकमेवर घासाघीस करत असताना तिने विचारलं, "आपल्या आजी भाड्याच्या घरात जाणार कुठे? त्यांचे डॉक्टर इथे, देऊळ इथे. घोडबंदरला एकट्या पडल्या तर?" एक जण वैतागून म्हणाला, "ताई, इथे हिशेब चाललाय." मी तिथेच थांबवलं. माणसाचं काय होईल हाही हिशेबच आहे, आणि तो ताईला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला येतो. शेवटी ठरलं की ज्येष्ठांना नौपाड्यातच, लिफ्ट असलेल्या इमारतीत जागा शोधून द्यायची जबाबदारी बिल्डरची, असं कलम मागायचं. वैतागलेल्या त्याच भाऊंनी मग बसून भाड्यातल्या फरकाचा आकडा काढून दिला. त्यांचं डोकं आकड्यांत चालतं आणि त्या आकड्यांमुळेच ताईची मागणी बिल्डरपुढे टिकेल.

काका उद्या सकाळी टेप घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे जाणार आहेत. जुनं स्वयंपाकघर मोजायचंय, नव्याशी ताडून बघायला. दादाला चार्जिंगचं कलम लिहून आणायला सांगितलंय, एका पानात. पानं गुरुवारी वाटायची.