सतर्कतेची मात्रा

परीक्षा जवळ आल्या की नागपुरातल्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे झोप कमी करून एकाग्रता वाढवता येईल का, हा प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागतो. जागे राहणे आणि एकाग्र असणे यांत मुले गल्लत करतात आणि पालक त्यांच्याहून अधिक करतात, असे माझे मत आहे.

या दोन्हींशी संबंध असलेली एक छोटी जागा मेंदूत आहे. मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभाच्या सेतू या भागात, चौथ्या मस्तिष्कविवराजवळ, दोन्ही बाजूंना निळसर छटेच्या चेतापेशींचा एकेक पुंजका असतो; त्याला लोकस सेरुलियस म्हणतात. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असताना या दोन पुंजक्यांत मिळून एक लाखही नसतात, तरी त्यांचे तंतू मेंदूच्या बाह्यकापासून मेरुरज्जूपर्यंत पसरलेले असतात आणि मेंदूला लागणारे बहुतेक नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, म्हणजे सतर्कता वाढवणारे रसायन, तेच पुरवतात.

या पेशी जागेपणी सतत संदेश सोडतात, गाढ झोपेत मंदावतात आणि स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ गप्प होतात. त्यांचा पायाभूत वेग मध्यम असेल, तर महत्त्वाची गोष्ट समोर येताच त्या क्षणभर जोरदार प्रतिसाद देतात आणि लक्ष तिथे खिळते. ताणाच्या वेळी मात्र अमिग्डालासारख्या, भीती-धोक्याची दखल घेणाऱ्या मेंदूच्या भागांकडून येणाऱ्या संप्रेरकामुळे हा पायाभूत वेगच वाढतो. मग प्रत्येक खुडबुड महत्त्वाची वाटू लागते, नेमका प्रतिसाद क्षीण होतो आणि डोळे टक्क उघडे असूनही पान पुढे सरकत नाही. अशा वेळी चहाचा आणखी एक कप घेणे मला तरी उलटा उपाय वाटतो.

या पेशी नाजूकही आहेत. अल्झायमरशी संबंधित टाऊ प्रथिनातले बिघाड सर्वांत आधी दिसणाऱ्या जागांपैकी ही एक आहे आणि पार्किन्सनमध्येही त्या मोठ्या प्रमाणात नष्ट होतात.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, उंदरांना काही दिवस रोज अनेक तास जागे ठेवल्यावर याच पुंजक्यातील पेशी घटल्याचे आढळले. उंदरांवरचा निष्कर्ष माणसांना जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य. तरीही माझ्या विद्यार्थ्यांना मी अकरा वाजता पुस्तक मिटायला सांगतो आणि त्यावर पालक नाराज झाले तरी सल्ला बदलत नाही.