पेव

आमच्या घरात मेल आयडी एकच आहे, तो माझा. शाळेतल्या पगाराच्या कामासाठी कधीतरी काढलेला. पुढं यांनी मोबाइल घेतला, दुकानदारानं आयडी विचारला, यांनी माझा सांगितला. सासूबाईंना टॅब आणला, त्यातही तोच घातला. रेशनकार्ड एकच असतं, तसा आयडी एकच. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

तर त्या आयडीची जागा भरली. गूगल १५ जीबी फुकट देतं आणि मेल, कागदपत्रं, फोटो अशा सगळ्यांनी मिळून त्यातच भागवायचं. जून २०२१ च्या आधी जरा कमी प्रतीचे फोटो त्यात धरलेच जात नव्हते. आमचा हात सैल सुटला तो तेव्हापासून. आता जागा भरली की नुसते फोटो अडत नाहीत, मेलही यायचे थांबतात. शाळेचं परिपत्रक आलं नाही तेव्हा मला जाग आली. मग एका रविवारी, भाकऱ्या उरकून, पुसायला बसले.

बघते तर फोटोंचं पेव फुटलेलं. रोज सकाळचे झेंडू, त्यावर सुविचार. गॅसची पावती. खिशात चालू राहिलेल्या कॅमेऱ्यानं काढलेला अंधार, सोळा वेळा. हे मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी आहेत. सौद्याच्या दिवशी राजापुरी हळदीच्या ढिगांचे फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवतात. तेही सगळे माझ्याकडे. पिवळा, पिवळा, जरा कमी पिवळा, पुन्हा पिवळा. आपल्या सांगलीत भाद्रपद प्रतिपदेला चोर गणपती बसतो, कुणाला कळू न देता, चोरपावलांनी. हे फोटो तसेच येऊन बसलेले. फक्त यांना प्रतिपदा लागत नाही.

'पेव फुटलं' हे सासूबाईंसमोर म्हणायची सोय नाही. त्या हरिपूरच्या. त्यांच्या माहेरी खरीच पेवं होती, हळदीची. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद, आत हळद भरायची आणि वरून माती लिंपून टाकायची. वर्षानुवर्षं कीड लागत नाही. "उघडलं की लगेच उतरायचं नसतं गं," त्या सांगतात. "आतली हवा कोंडलेली असते. माणूस जातो. आधी वारं खेळू द्यायचं." २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं, ते सांगताना मात्र त्या भराभर बोलून विषय संपवतात.

मी वारं खेळू दिलं नाही, थेट उतरले. पहिल्यांदा 'जागा मोकळी करा' दाबलं, कारण मला जागाच मोकळी करायची होती. फोन हलका झाला, मी खूश. संध्याकाळी बघते तर भरलेल्या जागेचा निरोप तसाच. पुण्यातल्या मुलाला फोन लावला.

"आई, त्यानं फोनमधले जातात. वरचे तसेच राहतात."

"वरचे म्हणजे?"

"वरचे म्हणजे वरचे."

अभियंता झालाय तो.

मग वरचे पुसायला लागले, तेव्हा दुसरी गंमत कळली. मी काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. तो यांच्या फोनमध्ये, सासूबाईंच्या टॅबमध्ये उतरतो आणि तिथून पुन्हा माझ्याच आयडीत वर चढतो. आपल्याला तो एकच फोटो; यंत्राच्या लेखी दोन. एक पुसला की दुसरा आहेच. शिवाय पुसलेला तरी कुठं जातो? कचरापेटीत, ६० दिवस. माणसाचं १३ दिवसांत आटोपतं, झेंडूला दोन महिने. मुलगा म्हणाला, "कचरापेटी पण रिकामी कर, तेव्हा खरं जातं." म्हटलं करते, आधी सगळं तिथं गोळा तर होऊ दे.

चार दिवस रोज रात्री हेच. बोटानं एकावर दाबून ठेवायचं आणि खाली ओढत जायचं, शेवयांच्या लडी उचलाव्यात तसे शंभर शंभर. पुसताना एक सूचना येत होती, जोडलेल्या सगळ्या उपकरणांवरून जाईल वगैरे. मी ती वाचली, पण म्हणजे काय ते डोक्यात उतरलं नाही. आधी उतरलं यांच्या. एका गिऱ्हाइकाची पावती होती म्हणे त्या पिवळ्यांत. यांनी ताट सरकवलं, बोलले काही नाहीत.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी टॅब माझ्या पुढ्यात ठेवला.

"अगं, माझ्या पायऱ्या कुठायत?"

मला आधी कळेचना. मग आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमधले फोटो, तेच ते, गढूळ, तिरके. तेव्हा आमचं घर गावभागात होतं. आम्ही विश्रामबागेत बहिणीकडं आलो होतो आणि समोरच्या माडीवर अडकलेला शेजारी तासातासाला आमच्या दाराचा फोटो पाठवायचा. सांगलीत पाणी फुटांत मोजतात. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका, त्या वर्षी ते ५७ च्याही वर गेलं. पण सासूबाईंना फूट नको होते. त्या विचारायच्या, पायऱ्या किती राहिल्या? म्हणून ते फोटो. सहा पायऱ्या, पाच, पाच, चार. शेवटच्यात नुसती चौकट. आतले अल्बम, लग्नाचे, बारशांचे, त्यांच्या वडिलांचा पेवाच्या तोंडाशी उभा राहून काढलेला, ते सगळे त्या पाण्यात गेले. पुढं आम्ही घरही विकलं. त्यांतल्या कशाचाच फोटो आमच्याकडं नव्हता. पायऱ्यांचे अकरा होते.

"अहो आई, ते अंधुक होते म्हणून..."

"मला दिसतात."

कचरापेटी उघडली. चार हजारांवर फोटो, त्यात ते अकरा शोधायचे. सासूबाई खांद्यावरून बघतायत, चष्मा माझ्या कानाला टोचतोय, झेंडूमागून झेंडू सरकतायत. घाईत कुठं बोट लागलं देव जाणे. सगळे निवडले गेले, आणि सगळे परत आले. अंधारसुद्धा, सोळाच्या सोळा.

जागा भरल्याचा निरोप लगेच वाजला. यांनी आतून विचारलं, "पावती आली का बघ त्यात." सासूबाई टॅब घेऊन दिव्याखाली जाऊन बसल्या होत्या.

"ही चौथी," त्या म्हणाल्या. "हिचा कोपरा तुझ्या लग्नात फुटला. घंगाळ पडून."