हलकं आहे

शनिवार, रात्रीचे पावणेअकरा

"हलकं आहे." एवढंच म्हणाले अण्णा. मी करतोय त्या फोमच्या चिलखताचा खांदा परत टेबलावर ठेवला, मोटारीचं बटण बंद केलं आणि आत गेले.

तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. जेवताना वैशू काहीतरी सांगत होती, ते नुसतं कानावरून गेलं. मन्याचा फोन आला तर नंतर करतो म्हणालो आणि केलाच नाही. आता सगळे झोपलेत. मागच्या खोलीतला एसआर गोंदाचा वास इथपर्यंत येतोय, आणि मी लिहायला बसलोय, कारण नाही लिहिलं तर रात्रभर कूस बदलत राहीन.

या शब्दाला एकच अर्थ असता तर किती बरं झालं असतं. हलकं म्हणजे वजनाला हलकं. आणि हलकं म्हणजे हलक्या प्रतीचं. अण्णांच्या तोंडून मी लहानपणापासून दुसऱ्याच अर्थाने जास्त ऐकलाय. यंदा हलका माल पाठवलाय. बिजागरी हलकी आहे, टिकणार नाही. भोसरीच्या पत्रेकामाच्या शेडमधून घरी आल्यावर चहा घेता घेता ते ज्या सुरात सांगायचे, तो सूर अजून कानात आहे.

आजचा सूर मात्र मला ऐकूच आला नाही. माझ्या हातात गरम हवा फेकणारी हीट गन चालू होती, तोंडावर मास्क होता. शब्द कळले, सूर त्या घरघरीत गेला. मी गन बंद करेपर्यंत ते दारातून बाहेर पडलेही होते.

उचलला कसा ते मात्र नीट पाहिलं. दोन्ही हातांनी, गुडघे थोडे वाकवून. पाठ धरायला लागल्यापासून ते कुठलीही वस्तू अशीच उचलतात. आणि भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी तसे त्यांचे हात एकदम वर गेले. क्षणभर ते गोंधळले. मग खांदा उलटा केला, आतली बिनरंगाची कड अंगठ्याने दाबली. नखाची चंद्रकोर उमटली आणि सावकाश भरून आली. ती पूर्ण भरून येईपर्यंत ते बघत होते. मग म्हणाले.

रिव्हेटांबद्दल एक शब्द नाही.

मला खरं तर तेच लागलंय. त्या एका खांद्यावर बावीस रिव्हेट आहेत. २ एमएमच्या फोममधून अण्णांच्याच पंचने पाडलेली डोकी. सेंटर ते सेंटर अंतर डिव्हायडरने चालवून घेतलंय, टेपने नाही. टेपने घेतलं की दर वेळी केसभर चूक होते आणि शेवटच्या दोन रिव्हेटांत ती सगळी साठते, हे मला कोणी शिकवलं? मी सातवीत असताना ह्याच टेबलावर त्यांनी शिकवलं. बघताक्षणी ओळखतील असं वाटलं होतं. चैत्रापासून वाटत होतं. आता श्रावण संपत आला.

आयर्न मॅनची चिलखतं लाल-सोनेरी करतात सगळे. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकमधल्या पात्रांची सोंगं घेऊन लोक जमतात त्या मेळ्याला, गेलं की दर दहा पावलांवर एक दिसतं, आणि त्यातली काही इतकी सुंदर असतात की हात लावायची छाती होत नाही. मला ते नको होतं. आयर्न मॅन पहिल्यांदा छापून आला तो १९६३ च्या मार्चच्या अंकात, आणि तेव्हा त्याचं चिलखत करडं होतं. पुढच्या अंकात सोनेरी झालं, लाल-सोनेरी व्हायला डिसेंबर उजाडला. ते पहिलं करडं चिलखत त्याने कैदेत बसून, हाताला लागेल त्या लोखंडातून ठोकून काढलेलं. जाड, ओबडधोबड, बोजड. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कुठलाही सुपरहिरो आठवला नाही. आमच्या मागच्या खोलीत कोपऱ्यात पडलेली पत्र्याची अर्धवट कामं आठवली.

म्हणून करडं. हे मी वैशूलाही सांगितलेलं नाही.

काम किती आहे ते बाहेरून कळत नाही. शीट ज्याच्याकडून आणतो तो चपलांचे तळ कापणाऱ्यांना माल देतो. इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट असं लांबलचक नाव, सगळे नुसतं ईव्हीए म्हणतात. छातीला आणि खांद्यांना १० एमएम, पट्ट्यांना ५. कटरचं पातं दर चार-पाच कापांनंतर मोडून नवीन टोक काढायचं, नाहीतर फोम कापला न जाता फाटतो आणि कडेला दात येतात. काटकोन हवा असेल तर दोन्ही तुकड्यांच्या कडा पंचेचाळीस अंशांत तिरक्या कापायच्या. मग एसआर दोन्ही बाजूंना लावून थांबायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत. उन्हाळ्यात पाच-सात मिनिटांत होतं, या पावसाळी हवेत पंधरा मिनिटं जातात. आणि मग एकदाच टेकवायचं. टेकलं की टेकलं, सरकवता येत नाही. हीट गन फिरवली की फोमची बारीक भोकं मिटतात आणि दुधावर साय धरावी तशी वर एक चमक येते. ती आली की लगेच तुकडा मांडीवर दाबून धरायचा, गार होईपर्यंत हलायचं नाही. माझ्या उजव्या मांडीवर त्या उष्णतेचा एक लालसर डाग कायमचाच झालाय.

वर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे पाच हात. ते मी पहिल्यांदा टाळले होते. मांडीच्या तुकड्यावर थेट स्प्रे मारला, झकास दिसला, आणि वाकवल्याबरोबर सगळा रंग उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा तडकला. दोन रविवार वाया. फोम वाकतो, रंग वाकत नाही, मध्ये कोणीतरी वाकणारं लागतं. आता प्रत्येक हात वाळायला एक रात्र देतो.

हे सगळं करून खांदा भरला १७० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं तेव्हा किती आनंद झाला होता मला! वहीत लिहून ठेवलंय, खाली दोन रेघा मारून.

अण्णांच्या जगात याचा अर्थ काय होतो ते आत्ता मांडून बघतोय. एक एमएमचा पत्रा चौरस मीटरला जवळजवळ आठ किलो. ह्या खांद्याला लागला असता तो धरून सव्वा किलोच्या आसपास. पत्रा हातात घेतल्या घेतल्या गेज, म्हणजे जाडी, सांगणारा माणूस तो. त्यांचे हात सव्वा किलोच्या तयारीने गेले आणि वर १७० ग्रॅम आले. हातांना फसवल्यासारखं वाटलं असेल का? मी लोखंडाचं सोंग केलं आणि ज्याने आयुष्यभर लोखंड हाताळलं त्याच्यासमोर ठेवलं. त्यात कौतुकाची वाट बघत बसलो. त्रेचाळीस वर्षांचा झालो, तरी अजून त्या खोलीत कोणी आत आलं की आधी त्यांची पावलं ओळखतो.

कोणी काही म्हणावं म्हणून करत नाही, असं सगळ्यांना सांगतो मी. ऑफिसात तर विषयच काढत नाही. आई कधी विचारत नाही, धाकटा विचारून हसतो. मन्या एकटा विचारतो, पण मन्याला सगळंच आवडतं. एका माणसाने एकदा बघावं, नीट बघावं, एवढंच होतं.

वैशूला झोपायच्या आधी सांगितलं, अण्णा हलकं म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं. "अरे, पण हलकंच हवं होतं ना तुला? चार महिने ग्रॅम-ग्रॅम मोजतोयस."

बरोबर आहे तिचं. सबंध सूट चार किलोंच्या आत बसवायचा हे मीच ठरवलेलं. डिसेंबरात तो घालून दिवसभर उभं राहायचंय, जिने चढायचेत, लहान मुलं येऊन हात धरतील तेव्हा खाली वाकायचंय. लोखंडाचं केलं असतं तर अर्ध्या तासात बसलो असतो.

लोखंडाचं घातलंय मी. हे लिहिता लिहिता आठवलं. आठवलं म्हणजे विसरलो नव्हतोच.

नऊ वर्षांचा होतो. मंडळाचा जिवंत देखावा, सिंहगडाचा. मावळ्यांच्या अंगावर पत्र्याची चिलखतं नसायची, जुनी चिलखतं कड्यांची असत, पण मंडळाला लांबून चमकणारं काहीतरी हवं होतं. अण्णांनी आम्हा चार पोरांना चोवीस गेजच्या तुकड्यांतून करून दिली. छाती, पाठ, खांदे, ढाल. सगळं धरून तीन किलो तरी असेल. पंधरा मिनिटांचा खेळ, पडदा पाडायचा, पुन्हा पहिल्यापासून, असं मध्यरात्रीपर्यंत. दुसऱ्या रात्री डाव्या काखेत कड लागली. माझीच एक कड मारायची, म्हणजे बोथट करायची, राहिली होती. घाईत, शेवटची म्हणून. मी पडद्यामागे जाऊन ते काढून टाकलं आणि रडलो, दुखत होतं त्याहून जास्त जड झालं होतं म्हणून. अण्णा आले. चिलखत उचललं, कडेवरून अंगठा फिरवला. बोलले काहीच नाहीत. तिसऱ्या रात्री माझ्या जागी दुसरा मुलगा होता.

ते पुढे कुठे गेलं कोण जाणे. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

आज त्यांनी खांद्याची आतलीच कड का दाबली?

असो. ह्याला धरून बसलो तर सकाळ होईल, आणि सकाळी छातीचं बघायचंय. ते आणखी वेगळंच दुखणं. टेपने माझी छाती १०४ सेंटिमीटर भरली, २ वाढवून १०६ ची शीट कापली, पॅनेल जोडली, वळवली, सगळं सुरेख आलं. काल अंगात घालून बघितलं तर बक्कल पोचत नाही. श्वास सोडून ओढलं तरी दोन बोटं अंतर राहतं. नमुना कागदाचा होता. कागदाला जाडी नसते, फोमला १० एमएम आहे, ती सगळी आतल्या बाजूने खाल्ली. इतकी साधी गोष्ट, आणि मी पत्रेकाम करणाऱ्याच्या घरात वाढलो.

खरं तर लाज त्याचीच जास्त वाटतेय. खांद्याचं हलकं-जड राहू दे. हे त्यांना कळलं असतं तर काय म्हणाले असते?


साडेबारा

पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. अण्णा ओट्याशी उभे, हातात गोळीचं पाकीट. पाठ धरली असणार. मी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यांच्या ग्लासात कोमट पाणी ओतलं.

निघताना तोंडातून निघूनच गेलं. "अण्णा, जाड माल गोल वळवायचा असेल तर माप कुठलं धरायचं? आतलं की बाहेरचं?"

ते थांबले. "मधलं. आतला व्यास अधिक जाडी, त्याला बावीस सप्तमांश." हे त्यांनी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं, आत्ता जवळजवळ तसंच सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जाडी किती आहे त्याची?"

"दहा."

"मग तीन सेंटिमीटर तरी वाढवायला हवेस." गोळी घेतली, पाणी प्यायले. मला वाटलं झालं. ग्लास उपडा ठेवता ठेवता म्हणाले, "पण हे पत्र्याचं झालं. तुझा माल आत दबतो. दाबून बघितला मी. त्याचा मध्य मध्यावर नसणार. मीटरभर पट्टी काप, वळव, आतून-बाहेरून दोन्हीकडून मोज. जे वाढेल, जे घटेल, ते लिहून ठेव. मग काढ हिशेब."

हे मला सुचलं नव्हतं. पाच महिन्यांत एकदाही नाही. मी दर वेळी अंदाजाने कापून, कमी पडलं की ठिगळ लावत आलो.

तेव्हाच विचारता आलं असतं, संध्याकाळी हलकं म्हणालात ते कुठल्या अर्थाने. जिभेवर आलं होतं. समोर लुंगी नेसलेला, कंबरेवर हात टेकलेला माणूस उभा होता, आणि डोक्यात माझ्या फोमचा मध्य कुठे असेल हा विचार घेऊन उभा होता. नाही विचारलं.

खोलीकडे जाताना दारातून म्हणाले, "आणि छातीची कड आतून मारून घे. काखेत लागेल."

फोमची कड लागत नाही. कितीही घासली तरी लागणार नाही, ती चपलेच्या तळाइतकी मऊ आहे.

"मारतो," म्हणालो.