सोनीची हाक, बंड्याच्या गळ्यात

१० जानेवारी, रात्री

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले आहे. पिंजऱ्यात बंड्या एकटाच आहे. सोनी दवाखान्यात.

सकाळी पिंजऱ्यावरची चादर काढली तेव्हा ती दांडीवर नव्हती. खाली तळाशी पिसं फुलवून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासागणिक शेपटी खालीवर होत होती. दोन दिवसांपासून थंडी कडाक्याची पडली आहे. मला वाटलं गारठली असेल. पण अंडी घालायला ठेवलेल्या मडक्यात डोकावले तर अंडी दोनच. एकाआड एक दिवस अंडं घालते ती, हिशेबाने तिसरं कालच यायला हवं होतं.

बुटाच्या खोक्यात मऊ कापड घालून तिला घेतलं आणि रिक्षाने निघाले. पहिल्या दवाखान्यात काउंटरवरूनच उत्तर मिळालं, "आम्ही पक्षी बघत नाही." कुठे नेऊ, एवढंही कुणी सांगितलं नाही. खोकं मांडीवर घेऊन मी पाच मिनिटं बाहेरच्या बाकावर बसून होते. आतून नखांचा आवाजही येत नव्हता. मग एका मैत्रिणीने फोनवर दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला. त्यांनी सोनीला मुठीत धरून बोटाने पोट हलकेच चाचपलं आणि म्हणाले, "अंडं अडकलंय." कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, उबदार दमट पेटीत ठेवलं, रात्रभर इथेच राहू द्या म्हणाले. थंडीत असं होतं, आणि शरीरात कॅल्शियम कमी असलं की जास्तच. पिंजऱ्यातला समुद्रफेस, कॅल्शियमसाठी पक्षी कुरतडतात ते पांढरं हाड, महिन्यापूर्वी संपला होता. कांगणीचे दाणे संपले की मी त्याच दिवशी आणते, समुद्रफेस मात्र उद्या आणू, परवा आणू करत राहून गेला. हे माझ्या हातून झालं आहे.

घरी आले तेव्हापासून बंड्या हाका मारतो आहे.

हे दोघं बजरीगर, छोट्या जातीचे पोपट. आपल्याकडे दुकानात यांनाच सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, हे ऑस्ट्रेलियाचे. शेजारच्या पेरूवर येणारे आपले हिरवे राघू १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळता येत नाहीत, ते योग्यच आहे. सोनी पिवळी, चोचीच्या वर नाकाशी तपकिरी. बंड्या हिरवा, त्याचं नाक निळं. नर-मादी त्यावरूनच ओळखायची.

बंड्याचा नेहमीचा आवाज म्हणजे दिवसभराची कुजबुज. दांडीवर बसून, मान वरखाली करत, मध्येच सोनीच्या चोचीवर टकटक करत चाललेली. तिला काही शेवट नसतो. हाक वेगळी. ती छोटी, पाव सेकंदही नसेल, मोठ्याने आणि एकेकटी. आज संध्याकाळपासून कुजबुज पूर्ण बंद आहे, फक्त हाक. हाक मारतो, थांबतो, मान तिरपी करतो, ऐकतो. परत मारतो. त्या थांबण्यानेच जीव कासावीस होतो.

नवाच्या सुमाराला आई स्वयंपाकघरातून ओरडली, "बाप्पा! सोनी आली का वं?"

मी म्हटलं, "नाही आई, बंड्या आहे."

"तो कसा राहीन? आवाज तं सोनीचाच हाय."

आईला दिसतं कमी, कान मात्र पक्का. मी जवळ जाऊन ऐकलं. खरंच सोनीची हाक होती. शेवटी जरा वर वळणारी, कुणी "आहेस ना?" विचारावं तशी.

११ जानेवारी, पहाटे

रात्री फोनमधले जुने व्हिडिओ शोधले. दसऱ्याच्या आठवड्यात बंड्याला आणला, त्या दिवशीचा एक आहे. पहिले काही दिवस दोघांचे पिंजरे वेगळे होते. त्यात त्याची हाक सरळ आहे, "चिप्", बस. सोनीची तेव्हाही वळणाची, "टिर्रिई". मग दिवाळीनंतरचा व्हिडिओ लावला. दोघं एका दांडीवर, पाठोपाठ दोन हाका, आणि कुठली कुणाची हे मला सांगता येईना. तीन-चार वेळा ऐकलं. तो तिच्यासारखा बोलायला लागला होता. तिची हाक जुन्या व्हिडिओत होती तशीच आहे.

हे मी मागे वाचलं होतं, पण वाचलेलं आणि घरात घडलेलं यात अंतर असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी २००० साली हेच छापलं होतं: बजरीगरांची जोडी जमते तेव्हा नर मादीच्या हाकेची नक्कल करतो आणि काही आठवड्यांत दोघांची हाक एक होते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर हे पक्षी मोठमोठ्या थव्यांनी पाण्यामागे, दाण्यामागे फिरतात. सगळे हिरवे, सगळे एकाच आकाराचे. त्या गर्दीत आपलं माणूस शोधायचं तर डोळ्यांवर भिस्त ठेवून भागणार नाही, आवाजच लागणार.

व्हेनेझुएलात तर एका छोट्या रानपोपटाची पिल्लं घरट्यात असतानाच आईबापांकडून आपापली हाक शिकतात, आपण बारशाला नाव ठेवतो त्यातलाच प्रकार. कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ते दाखवून दिलं.

बंड्या मात्र मोठा होऊन आला होता, स्वतःची हाक घेऊन. ती त्याने सोडली.

त्याच दिवशी, दुपारी

एक चूक केली, ती लिहून ठेवते. त्याला बरं वाटेल म्हणून सोनीचा जुना व्हिडिओ पिंजऱ्याजवळ धरून लावला. पहिल्याच हाकेला तो झेप घेऊन जाळीला लटकला. उत्तर दिलं, लगेच. मग फोनच्या मागे जायची धडपड सुरू झाली. जाळीवरून या कडेला, त्या कडेला, मागे ती सापडेना. परत समोर आला आणि काचेवर चोच मारली. मी व्हिडिओ बंद केला तरी पुढचा अर्धा तास तो फोन ठेवलेल्या टेबलाकडे बघूनच हाका मारत होता. आई म्हणाली, "काहून त्याला फसवतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत कधी असं करणार नाही.

दाणे तो टिपत नाहीये. म्हणजे टिपतो, पण मडक्याच्या तोंडाशी जाऊन मान वरखाली करतो, गळ्यातून दाणा वर आणतो आणि तसाच उभा राहतो. आठ दिवस सोनी मडक्यातून बाहेर जेमतेम येत होती, अंडी उबवायचं काम एकट्या मादीचं, आणि हा बाहेरून तिला चोचीतून भरवत होता. ती वेळ आली की तो तिथे जातो. त्या दोन अंड्यांवर कालपासून कुणी बसलेलं नाही, ती गार पडली आहेत. मी अजून काढलेली नाहीत.

चारला डॉक्टरांचा फोन. अंडं निघालं. कवच मऊ होतं, पण अख्खं निघालं. सोनीने पाणी प्यायलं. आणखी एक रात्र ठेवू म्हणाले.

१२ जानेवारी

साडेअकराला घेऊन आले. संक्रांत दोन दिवसांवर, गल्लीगल्लीत पतंग आणि तारांवर लोंबणारा नायलॉनचा मांजा. बंदी आहे म्हणतात. खोकं ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं होतं.

फाटक उघडलं तेव्हा आत बंड्याची हाक चालू होती. खोक्यातून उत्तर आलं. बारीक, थकलेलं, पण तेच वळण. आत एकदम शांतता. मग त्याने इतक्या भराभर चार-पाच हाका मारल्या की एकीचा शेवट दुसरीत मिसळला. आई दारात आली होती, म्हणाली, "आता दोघं हायेत."

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मडकं मी आधीच काढून ठेवलं होतं, काही महिने तिला अंडी घालायला जागा द्यायची नाही. सोनीला खालच्या दांडीवर सोडलं, वर चढायची ताकद नव्हती. बंड्या खाली आला. मला वाटलं होतं आता खूप आवाज होईल. तो तिच्या शेजारी सरकत सरकत अंगाला अंग लागेपर्यंत गेला आणि गप्प बसला. मग तिने मान खाली घातली, आणि तो तिच्या डोक्यावरची, गालावरची, कानाजवळची पिसं एकेक करून चोचीतून काढू लागला. डोकं ही एकच जागा, जिथे पक्ष्याची स्वतःची चोच पोचत नाही. दोन दिवसांत तिच्या टाळूवर नवीन पिसांचे बारीक काटे आले होते. तो ते एकेक धरून हलकेच दाबायचा, पांढरं टरफल भुरभुरत पडायचं. एकदा जोरात ओढलं असावं, ती "चर्र" करून चोच उगारून उठली. तो अर्धा वीत मागे. क्षणभराने तिने परत मान घातली.

संध्याकाळी सहाला पुन्हा कुजबुज सुरू झाली. दिवा बारीक केल्यावर तीही थांबली, आणि चोचीवर चोच घासल्याची करकर ऐकू येऊ लागली. निवांत असले की झोपण्याआधी हे पक्षी अशी करकर करतात. आधी एकाची, मग दुसऱ्याची.

१५ जानेवारी

समुद्रफेस दोन आणले, एक जाळीला बांधला, एक डब्यात जास्तीचा. सोनीने काल निम्मा कुरतडला. आज ती वरच्या दांडीवर आहे.

सकाळी पिंजरा धुवायला म्हणून तिला दुसऱ्या खोलीत नेलं, तेवढी दहा मिनिटं हाक आली. तिकडून एक, इकडून एक. आईला विचारलं, आता कोण बोललं? तिने हात थांबवून ऐकलं आणि म्हणाली, "मले नाही सांगता येत." सोनीला परत आणून ठेवलं. त्यानंतर आज दिवसभर ती हाक घरात झाली नाही.