मूळ चिखल लागेपर्यंत खणा

भरणीचा डंपर पकडला की काम झालं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. मी ठाणे खाडीच्या पूर्व काठावर कांदळवनात वनरक्षक आहे आणि माझ्या लेखी गाडी पकडणं हा त्यातला सोपा भाग. गाड्या कधी येणार याचा अंदाज बांधता येतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, भरतीचं पाणी मागच्या खाजणापर्यंत पोचत नाही. जमीन कडक राहते, भरलेला डंपर रुतत नाही. पाडलेल्या इमारतीचा राडारोडा रीतसर केंद्रावर न्यायचा तर डिझेल आणि शुल्क दोन्ही लागतं. इथे अंधारात पाठ उचलली की गाडी रिकामी. शिवाय खाली फुकटात जमीन तयार होते. मग त्यावर पत्र्याची शेड, आणि 'इथे कांदळवन कधी नव्हतंच' असं म्हणायला माणसं तयार.

ज्या जागेबद्दल सांगतेय, तिथे पोलिसांच्या मदतीने अशीच गाडी धरली होती. क्षेत्र राखीव वन म्हणून अधिसूचित असल्यामुळे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा नोंदवला. मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल आमच्या हातातलं सगळ्यात भक्कम हत्यार आहे: कांदळवन नष्ट करणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचाच भंग आहे, आणि जिथे ते नष्ट झालं तिथे पूर्ववत करणं हे राज्याचं बंधनकारक कर्तव्य आहे. त्यातला 'पूर्ववत' हा शब्द धरूनच भरणी उचलण्याचा आदेश निघाला. खर्च भरणी करणाऱ्याचा, देखरेख आमची.

ओहोटीला पोकलेन लागला. दुपारपर्यंत ढीग गेले, मैदान सपाट झालं. ठेकेदाराचा सुपरवायझर कागद घेऊन आला. "झालं मॅडम, सही करा."

लांबून खरंच साफ दिसत होतं. पण पंच म्हणून आलेले नाना जागचे हलेनात. त्यांचा जन्म चिंबोऱ्या पकडण्यात गेलाय. ते म्हणाले, "ताई, वरचं नेलं यांनी. पाणी कुठनं येणार आत?"

सगळा प्रश्न तिथेच होता. तिवर, म्हणजे कांदळवनातलं झाड, कुऱ्हाडीशिवायही मरतं. भरती-ओहोटीचं पाणी तोडलं की पुरे, पानं पिवळी पडतात आणि काही महिन्यांत खोडं वाळतात. हातभर भरणी शिल्लक ठेवली तरी रोजचं पाणी वर चढत नाही. म्हणजे कागदावर साफ झालेली जागा प्रत्यक्षात मेलेलीच राहते, आणि पुढच्या वर्षी तीच 'पडीक' म्हणून पुन्हा मागितली जाते.

सुपरवायझर म्हणाला, मूळ जमीन इतकीच उंच होती. उपग्रहाच्या जुन्या चित्रांत झाडं दिसतात, पण चिखल कुठल्या पातळीला होता ते दिसत नाही. म्हणून मी तिथेच खड्डा घ्यायला सांगितलं. पोकलेनने नको, फावड्याने.

आधी विटांचे तुकडे, न्हाणीघरातल्या टाइल्स, सिमेंटच्या गोण्या. मग माती काळी झाली आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटला. नाना स्वतः खाली उतरले, हातांनी गाळ सारू लागले. तळाशी उभी, पेन्सिलीएवढी मुळं लागली, एकाला लागून एक. काळी पडलेली, मेलेली, पण जागच्या जागी ताठ. तिवराची ही मुळं हवा घेण्यासाठी चिखलातून सरळ वर येतात. ती जिथून वर निघालेली दिसतात तिथेच एके काळी चिखलाचा पृष्ठभाग होता. यापेक्षा चांगला साक्षीदार कुठल्या खटल्यात मिळतो?

टेप लावली. ठेकेदाराच्या 'मूळ जमिनी'पासून मुळांपर्यंत माझ्या कमरेइतकी भरणी होती. फोटो, जीपीएस, पंचांच्या सह्या, सगळं जागेवर केलं. सुपरवायझरने दोन-तीन फोन लावले. एक फोन आमच्या वनक्षेत्रपाल साहेबांनाही आला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंचनामा वाचा." त्या वेळी ते ठाम उभे राहिले, याचं मला आजही मोल वाटतं. मग पट्ट्यात जागोजागी खड्डे घेतले, मुळांच्या पातळीला खुंट्या मारल्या, आणि पोकलेन पुन्हा सुरू झाला. खाडीचा बुजलेला फाटा नानांनी आठवणीतून चालून दाखवला. तिथे खणल्यावर खालचा मऊ गाळ सापडत गेला. पुढच्या अमावास्येच्या उधाणाला पाणी त्या वाटेने आत आलं.

आदेशात रोपं लावण्याचंही कलम होतं. मी लेखी कळवलं की घाई करू नका. तिवराची फळं पावसाळ्यात गळतात आणि भरतीबरोबर तरंगत येतात; पातळी आणि पाणी ठीक असेल तर ती आपोआप रुजतात. रोपांच्या रांगांचे फोटो छान येतात, पण चुकीच्या उंचीवर लावलेली रोपं मरतात आणि पैसा वाया जातो. ते मान्य झालं. आता निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, दिसतात, फाट्याच्या कडेने तिवराची कोवळी रोपंही धरली आहेत.

खटला चालू आहे. खड्ड्यांचे फोटो आणि मोजमाप फाइलला लावले आहेत. मागच्या बाजूची पत्र्याची शेड मात्र अजून उभी आहे आणि तिच्याखालची भरणी तशीच. जमिनीच्या हद्दीचा वाद काढून ते काम अडवलंय. भूमी अभिलेखच्या मोजणीची तारीख मिळाली आहे. त्या दिवशी फावडं आणि टेप घेऊन मी जाणार आहे, आणि नानांनाही यायला सांगितलं आहे.